ढेरीवरची वाट

डोंगरातल्या त्या धोंड्याला ‘ढेरी’ हे नाव मास्तरांनी दिलं, आणि एकदा ते कानावर पडल्यावर दुसरं कुणाला काही सुचेना. माल भरलेल्या ट्रकाएवढा उंच, करडा, पायथ्याशी आत गेलेला आणि मधोमध असा सुटलेला, की भरपेट जेवून कुणीतरी ओढ्याकाठी टेकून बसलंय असं वाटावं. अंगावर धरायला जवळजवळ काही नाही. पण दोर न बांधता, खाली नुसत्या गाद्या अंथरून, त्या पोटावरूनच वर जायचं असं वेल्डरने मनाशी घेतलं होतं. तिसरं वर्ष चाललं होतं आणि ढेरी काही दाद देत नव्हती.

वेल्डर हा थोरलीचा नवरा. कारखान्यात बॉयलरच्या टाक्या जोडायचा. बुटका, रुंद, आणि हात असे की शेजारपाजारचे लोक न उघडणाऱ्या बरण्या घेऊन त्याच्याकडे यायचे. दिवसभर तोंडावर काळी काच ओढून ठिणग्यांत बसणारा माणूस, त्यामुळे बोलायची सवय कमीच. थोरली दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. डॉक्टरांनी पाठवलेल्या मापांवरून ती कवळ्या आणि दातांवरच्या टोप्या घडवायची. दोघांची ओळखही चढाईच्या भिंतीवरच झालेली. शहरात एका जुन्या गोदामात ही भिंत होती, प्लायवूडची, रंगीबेरंगी खुंट्या ठोकलेली. लग्नानंतर थोरलीचा उत्साह बेताचा राहिला, वेल्डरचा मात्र दुप्पट झाला.

ढेरी पहिल्यांदा त्यालाच दिसली, ओढ्याच्या वरच्या अंगाला, झुडपांच्या आड. तिच्यावरचं शेवाळ त्याने घरातल्या झिजलेल्या टूथब्रशांनी घासून काढलं. मागच्या बाजूने चढायला सोपी वाट होती. तिकडून वर जाऊन त्याने काठ स्वच्छ केला, माती झाडली. पुढून मात्र सगळी मदार एका कडेवर होती. ऐन पोटावर, बोटाच्या एका पेराला पुरेल एवढीच ती कड. तिच्यावर उजव्या हाताची बोटं रोवायची आणि डाव्या हाताने वरचा काठ गाठायचा. वेल्डर दर वेळी त्या कडेपर्यंत पोचायचा आणि दर वेळी तिथूनच खाली यायचा.

हे बघून थोरलीने एक केलं. दातांचं माप घ्यायचा गुलाबी मसाला ती डब्यात भरून डोंगरात घेऊन गेली, ओढ्याच्या पाण्यात कालवून त्या कडेवर दाबला, घट्ट झाल्यावर अलगद काढला, आणि लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत त्यावरून ढेरीची ती कड हुबेहूब ओतून काढली. वेल्डरने बाल्कनीत लोखंडी चौकट उभी केली, कड तिच्यावर पक्की केली, आणि रोज सकाळी चहाआधी तिला लोंबकळायला सुरुवात केली. समोरच्या इमारतीतले लोक आधी बिचकले. मग सवयीने त्याला हात करू लागले.

अशा या घरात धाकटी राहायला आली.

धाकटी म्हणजे थोरलीची पाठची बहीण. बेकरीत पहाटेच्या पाळीला पावाचं पीठ मळायची. तिचं लग्न मोडलं होतं. त्याबद्दल ती काही बोलत नसे, आणि थोरलीने विषय काढला की उठून भांडी घासायला घ्यायची, घासलेली असली तरी. आईचे फोन यायचे, “तिला समजाव गं जरा.” थोरली समजवायची. त्या समजावण्याने घरातली भांडी तेवढी लख्ख झाली.

वेल्डर समजावण्याच्या फंदात पडला नाही. एका रविवारी त्याने थोरलीचे जुने चढाईचे बूट धाकटीपुढे ठेवले आणि म्हणाला, “भिंतीवर चाललोय. गाद्या झटकायला माणूस हवंय.”

ती गेली. पहिले काही रविवार तिने खरोखरच गाद्या झटकल्या. मग एकदा कुणी बघत नाही असं पाहून भिंतीला हात लावला. पीठ मळणाऱ्या बोटांत किती ताकद असते हे त्या गोदामातल्या सगळ्यांना हळूहळू कळत गेलं. त्यात ती थोरलीपेक्षा चांगली वीतभर उंच, हातपाय लांब, आणि पडायची भीती म्हणून नाही. पडली की गादीवर पसरून हसायची. त्या आधी कित्येक महिने थोरलीने बहिणीला हसताना पाहिलं नव्हतं. त्यासाठी ती नवऱ्याला मनातल्या मनात रोज दुवा द्यायची. तोंडावर मात्र “दूध आणलंस का?” एवढंच.

पानगळ सुरू झाली. दगड कोरडे पडले, गार झाले, म्हणजे हाताला पकड चांगली मिळायचे दिवस आले, आणि चौघं डोंगरात जायला निघाले. चौथे मास्तर, भिंतीवरचे जुने सोबती. ते गाडी चालवायला शिकवायचे. त्यांच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक होता आणि मागच्या काचेवर ‘शिकाऊ’ अशी ठसठशीत पाटी. पाटी काढायची राहून गेली असं ते दर वेळी म्हणत, पण तिच्यामुळे मागचे लोक चार हात लांब राहतात हे त्यांना आवडायचं. गाडी थोरली चालवत होती. शेजारी मास्तर बसले होते आणि प्रत्येक वळणावर गाडीला हिसका बसत होता.

“मास्तर, ब्रेकवरचा पाय काढा.”

“मी दाबत नाही गं. तो आपला आपण जातो.”

मागे वेल्डर आणि धाकटी गुडघ्यांवर गादी घेऊन बसले होते आणि तिच्यावरून एकमेकांचं तोंड कसंबसं दिसत होतं.

रात्र त्यांनी दरीच्या तोंडाशी असलेल्या लाकडी निवाऱ्यात काढली आणि उजाडल्यावर गाद्या पाठीवर बांधून ओढ्याच्या कडेने वर चालू लागले. दुरून पाहणाऱ्याला चार पलंग डोंगर चढताहेत असं वाटलं असतं. आधी लहानसहान दगडांवर हातपाय मोकळे केले. मास्तर साठीकडे झुकलेले, गुडघे कुरकुरणारे. ते एका उतरत्या, सोप्या दगडावर एकदा चढून आले, टाळ्या घेतल्या, आणि घडीची खुर्ची उघडून थर्मास घेऊन बसले. या बिनदोराच्या चढाईत, म्हणजे बोल्डरिंगमध्ये, चढायच्या प्रत्येक वाटेला ‘प्रॉब्लेम’ म्हणतात, आणि हा शब्द मास्तरांच्या फार आवडीचा.

“घरचे प्रॉब्लेम सुटेनात,” ते कपात चहा ओतत म्हणाले, “की माणसं इथे येऊन दगडाचे सोडवतात.”

बोलून गेल्यावर त्यांना धाकटीची आठवण झाली आणि त्यांनी जीभ चावली. पण सगळ्यांत आधी हसली ती धाकटीच.

मग ढेरी. वेल्डरने कड टूथब्रशने साफ केली, बोटांना खडूची पूड लावली, फुंकर मारली आणि निघाला. थोरली खाली हात पसरून उभी. त्याची प्रत्येक हालचाल तिला पाठ होती. आत गेलेल्या पायथ्यातून अंग उचलणं, डावा गुडघा बाहेर, मग ती कड. बोटं रोवली, मान मागे टाकली, काठाकडे झेपावला आणि गादीवर आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. तिसऱ्यांदा पडल्यावर तो तळहात मांडीला पुसत म्हणाला, “आज गार आहे दगड. छान आहे.”

“भाऊजी,” धाकटी म्हणाली, “मी नुसतं खालचं करून बघू?”

“बघ की.”

ती गेली ती खालच्या भागात अडखळलीच नाही. कडेवर बोटं ठेवली, क्षणभर थांबली, डावा पाय कुठेतरी भलतीकडेच नेला आणि हात वर टाकला. काठ बोटभर हुकला. ती हसत गादीवर पडली आणि उठून बघते तो सगळे तिच्याकडेच बघत होते. मास्तरांचा कप ओठांपाशी थांबला होता. थोरलीने वरच्या काठाकडे पाहिलं. पहिल्याच खेपेला बोटभर. म्हणजे आज ना उद्या ही वर जाणार, आणि बहुतेक आजच.

दुपारी खायला ओढ्याकाठी बसले तेव्हा वेल्डर थोडा खालच्या अंगाला, गार पाण्यात बोटं बुडवून बसला होता. थोरलीने पावाचा तुकडा बहिणीच्या हातात देत हळूच म्हटलं, “ढेरी राहू दे आता. बाकीचे दगड काय कमी आहेत?”

धाकटीने मान वर केली. “भाऊजी काही म्हणाले?”

“तो कशाला म्हणेल? मीच म्हणतेय. तीन वर्षं गं. रोज सकाळी त्या चौकटीला लटकतो, तू बघतेसच. आणि तू आल्या आल्या...”

“कळलं, ताई.”

तिने बुटांच्या नाड्या सोडल्या. चेहरा तसाच झाला, भांडी घासायला उठताना व्हायचा तसा. थोरलीला ते दिसलं, टोचलंही, पण तिने शब्द मागे घेतला नाही. नवऱ्याची बाजू घ्यायला इथे दुसरं कोण होतं?

दुपार कलल्यावर वेल्डर ढेरीखाली उभा राहून म्हणाला, “चल गं, तुझी पाळी.”

“नको भाऊजी. बोटं दुखताहेत.”

वेल्डरने तिच्या बोटांकडे पाहिलं. पोतीच्या पोती पीठ मळणारी बोटं ती, सकाळच्या चार पकडींनी दुखायची नव्हती. त्याने मग बायकोकडे पाहिलं, आणि गादी सरकवायचं निमित्त करून तिच्याजवळ आला.

“तू काही बोललीस तिला?”

“बोलले. राहू दे म्हटलं. तुझी आहे ती.”

तो बोटावरची चिकटपट्टी सोडून पुन्हा गुंडाळत बसला. थोरलीने विचारलं, “चिडलास?”

“नाही.” पट्टीवरून नजर उचलून म्हणाला, “तिची टाच बघितलीस?”

“कुठली टाच?”

“डावी. मी पाय खाली दाबून ठेवतो आणि वर उडी घ्यायला बघतो. तिने टाच उचलून थेट कडेच्या शेजारी अडकवली आणि स्वतःला ओढून घेतलं. इतक्या वर्षांत माझ्या डोक्यातच आलं नाही गं. मघापासून मला दुसरं काही दिसत नाहीये.”

थोरलीने त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. ती जे शोधत होती, थोडा मत्सर, थोडी खट्टू झालेली नजर, त्यातलं तिथे काही नव्हतं. बंद पडलेलं यंत्र कुणी सहज चालू करून दाखवावं आणि मेकॅनिकने आ वासून बघावं, तसा तो दिसत होता.

“अरे, पण ती आधी चढली तर?”

“तर चढली.”

“तुला काहीच वाटणार नाही?”

“वाटेल की. वाईट वाटेल.” त्याने पट्टीचं टोक दाताने तोडलं. “म्हणून काय तिला खाली बसवून ठेवायचं? बसलीच होती की इतके दिवस.”

थोरलीने अर्धवट सरकलेली गादी ओढून नीट लावली.

वेल्डर धाकटीपाशी गेला आणि तिच्यासमोर उकिडवा बसला. “बूट घाल.”

“भाऊजी, ती वाट तुमची आहे. आधी तुम्ही.”

“आधी तू.”

“नाही, आधी तुम्ही.”

“दारात अडकलेल्या पाहुण्यांसारखं काय लावलंय?” मास्तर खुर्चीतून म्हणाले. “अशाने दोघं बाहेरच राहाल.”

वेल्डर हसला नाही. तो नीट, एकेक शब्द लावत बोलला, आणि एका दमात इतकं बोलताना थोरलीने त्याला क्वचितच ऐकलं होतं. “हे बघ. मी चढतो तेव्हा मला फक्त नाकासमोरचा दगड दिसतो. ही वाट खालपासून वरपर्यंत जाते कशी, हे मी अजून पाहिलेलं नाही. कुणीच पाहिलेलं नाही. तू जाऊ शकतेस आणि मला बघायचंय. माझ्यासाठी म्हणून जा हवं तर.”

धाकटीने बहिणीकडे पाहिलं. थोरली जवळ आली, तिच्या बुटाची नाडी स्वतः बांधायला घेतली आणि म्हणाली, “मघाचं मनावर घेऊ नकोस. माझं चुकलं. जा.”

त्यानंतर वेल्डरने तिला सगळं सांगितलं. हातचं काही राखलं नाही. कडेवर बोटं सरळ ठेवायची नाहीत, जरा तिरपी, म्हणजे करंगळीलाही जागा मिळते. अंगठा वरून दाबायचा. काठ दिसतो तसा नाही, गुळगुळीत आहे, त्याच्यावर विसंबायचं नाही. पण काठाच्या मागे, डाव्या अंगाला वाटीसारखी खोबण आहे. हात काठाला लागला की तिथे रेंगाळायचं नाही, तसाच पुढे वाटीत टाकायचा. त्याची सारी मेहनत, बाल्कनीतल्या सकाळी, पडणं, फुटलेली कातडी, हे सगळं त्या चार सूचनांत होतं, आणि तो ते असं सांगत होता जणू कुणाला दुकानाचा पत्ता सांगतोय. थोरली बघत राहिली. इतकी वर्षं संसार केला, या माणसाला आपण ओळखतो असं ती धरून चालली होती.

पहिल्या खेपेला टाच निसटली. धाकटी आडवी फेकली गेली, वेल्डरने तिला कमरेशी धरून गादीकडे वळवलं आणि दोघं कोलमडले. तिचं कोपर त्याच्या तोंडावर बसलं.

“लागलं का हो?”

त्याने ओठावरचं रक्त पुसलं, जीभ फिरवून पाहिली. “दात आहेत जागेवर. नसते तरी घरचंच दुकान आहे.”

दुसऱ्या खेपेला टाच टिकली, पण हात काठावरच अडकला. ती खाली आली, गादीवर पाय पसरून बसली आणि बराच वेळ वर बघत राहिली. वेल्डरने तेवढ्यात कड पुन्हा घासली, सदऱ्याच्या टोकाने पुसली. घाई कर असं कुणी म्हणालं नाही. उन्हं ढेरीच्या पोटावरून सरकून काठाशी गेली तेव्हा ती उठली.

या वेळी ती थांबलीच नाही. पायथ्यातून अंग उचललं, कड घेतली, बोटं तिरपी, अंगठा वरून. टाच कडेशेजारी लागली आणि तिचं सगळं अंग त्या टाचेभोवती वळलं. डावा हात काठावर पडला, न थांबता पुढे गेला आणि दिसेनासा झाला. पाय हवेत सुटले. क्षणभर ती नुसती एका न दिसणाऱ्या हातावर लोंबत होती. मग दुसरा हात गेला, गुडघा काठावर चढला, आणि धाकटी ढेरीवर उभी राहिली.

ती ओरडली नाही. वर बसली, गुडघ्यांत तोंड घातलं, आणि तिची पाठ हलत होती ती हसण्याने की रडण्याने हे खालून कळत नव्हतं. थोड्या वेळाने काठावरून तिचं लालभडक तोंड डोकावलं.

“भाऊजी, वाटीत पान पडलं होतं.”

“काढलंस ना?”

“धरूनच चढले.”

वेल्डर खाली उभा होता. तिला झेलायला वर केलेले हात त्याने अजून तसेच धरले होते. कधीपासून झेलायला कुणी नव्हतंच, पण त्याच्या ते लक्षातच आलं नव्हतं. मास्तर खुर्ची सोडून उभे राहिले होते. त्यांनी वेल्डरच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा तो भानावर आला, गादीवर बसला, आणि आपल्याशीच बोलल्यासारखा म्हणाला, “अशी जाते होय ती.” थोरलीने तोंड फिरवलं, कारण तिचे डोळे भरून आले होते आणि ते नेमके कुणासाठी हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

मग त्याने त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयत्न केले. टाच वर न्यायची तर पाय आखूड पडायचे. एकदा त्याची बोटं काठाला लागलीसुद्धा, पहिल्यांदाच, पण तेवढीच. कातडी गेली, पट्ट्या लाल झाल्या. धाकटी खाली उभी राहून त्याला सांभाळत होती आणि “टाच, टाच, टाच” असं पुटपुटत होती. शेवटी तिच्या पहाटेच्या पाळीचा विचार करून ते निघाले.

पहिल्यांदा चढेल त्याने वाटेला नाव द्यायचं असा या खेळातला रिवाज आहे. गाडीत मास्तरांनी ‘मेव्हणीचा हट्ट’पासून ‘ढेरीवर हात’पर्यंत बरीच नावं सुचवली. धाकटी खिडकीबाहेर बघत होती. घाट उतरल्यावर ती म्हणाली, “आधी तू.”

“काय आधी मी?” मास्तरांनी विचारलं.

“नाव. ‘आधी तू’.”

गादीपलीकडून वेल्डरने मान उंच करून तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “बरं आहे.”

थंडी कडक व्हायच्या आधी तो आणि थोरली पुन्हा एकदा गेले, दोघंच. धाकटीला सुट्टी मिळाली नाही, मास्तरांचे गुडघे धरले होते. त्या दिवशी वेल्डर ढेरी चढला. काही गाजावाजा नाही. गेला, टाच अडकवली, धापा टाकत काठावर पोट घासून वर सरकला आणि दिसेनासा झाला. बराच वेळ काही चाहूल लागेना तेव्हा थोरली मागच्या वाटेने वर गेली. तो उताणा पडून आकाशाकडे बघत होता. तीही शेजारी पडली. दगड थंडगार होता, पण उठावंसं दोघांनाही वाटलं नाही.

घरी पोचले तेव्हा धाकटी स्वयंपाकघरात टेबल पुसत होती. त्याच्या हातांकडे पाहूनच तिला कळलं.

“गेलात?”

“गेलो.”

“पाय?”

“टाचच. पण तुझ्यापेक्षा खाली. तिथे एक खडबडीत जागा आहे, तुला लागली नसेल.”

“कुठे? दाखवा.”

वेल्डरने टेबलाची कड धरली, ती ढेरी. धाकटीने शेजारच्या खुर्चीवर टाच ठेवली. “इथे?” “अजून खाली.” “मग कंबर कुठे जाते?” “बाहेर. नाही नाही, अशी.” तो टेबलावर जवळजवळ आडवा झाला, आणि ती त्याचा पाय धरून योग्य जागी लावायला लागली.

थोरली ताटं हातात घेऊन दाराशी उभी होती. “जेवायला जागा करा रे,” ती म्हणाली. दोघांपैकी कुणालाच ऐकू गेलं नाही. तिनेही पुन्हा म्हटलं नाही. ताटं छातीशी धरून ती चौकटीला टेकली आणि त्यांचं आटोपेपर्यंत बघत राहिली.